कुंपणावरचं लाल करवंद

आपण मनातल्या मनात झाडांची एक वाटणी करून ठेवलेली असते. फळझाडं, फुलझाडं, औषधी झाडं आणि शोभेची झाडं. पहिल्या तिन्हींना काही ना काही काम असतं. शोभेच्या झाडाने मात्र नुसतं उभं राहायचं. एकदा 'शोभेचं' हा शिक्का बसला, की मग त्याला फूल येवो नाहीतर फळ, कोणी वळून बघत नाही. नावही विचारत नाही. अंगणातली तुळस राम की कृष्ण हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण रोज ज्याच्या शेजारून आपण दूध आणायला जातो त्या कुंपणाला काय म्हणतात, असं सोसायटीत विचारून बघा. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतील.

पुण्यात आमच्या सोसायटीच्या पूर्वेच्या भिंतीलगत असंच एक कुंपण आहे. साधारण साठ फूट लांब, कंबरेइतकं उंच, गर्द हिरवं आणि भरपूर काटेरी. बिल्डरने जागेचा ताबा देताना लावून दिलेलं. त्याला बाराही महिने अधूनमधून पांढरी फुलं येतात आणि संध्याकाळी फिरायला जाताना त्यांचा मंद वास येतो. फुलांच्या मागोमाग हिरवी फळं येतात आणि ती पिकून लालबुंद होतात. एकाच फांदीवर कळी, फूल, कच्चं फळ आणि पिकलेलं फळ असं सगळं कुटुंब एकत्र नांदताना दिसतं. इतकी वर्षं ती फळं पिकत होती, गळत होती आणि झाडूवाल्या मावशी ती पालापाचोळ्याबरोबर भरून नेत होत्या.

गेल्या वर्षी जूनमध्ये तळमजल्यावरच्या एका चार वर्षांच्या मुलीने त्यातलं एक फळ उचलून खाल्लं. आईचं लक्ष गेलं तेव्हा अर्धं फळ हातात, अर्धं पोटात आणि ओठांवर दुधासारखा पांढरा चीक. त्या बिचारीच्या पायाखालची जमीनच सरकली. ती मुलीला उचलून तशीच दवाखान्यात पळाली. डॉक्टर शांत होते. त्यांनी मुलीला तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, "झाडाचं नाव काय?"

आईला नाव माहीत नव्हतं. तिने सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं. चाळीस बिऱ्हाडांमधून दहा मिनिटांत उत्तरांचा पाऊस पडला. कोणी म्हणालं चेरी, कोणी म्हणालं प्लम, कोणी म्हणालं रानकण्हेर. एका गृहस्थांनी तर छातीठोकपणे लिहिलं, "पांढरा चीक आहे म्हणजे विषारीच." त्या माउलीने हे सगळं दवाखान्यात बाकावर बसून वाचलं. तिचं काय झालं असेल, कल्पना करा! डॉक्टरांनी मुलीला चार तास नजरेखाली ठेवलं आणि घरी पाठवलं. मुलीला काहीही झालं नाही. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खाली खेळत होती.

रविवारी कमिटीची तातडीची बैठक झाली आणि ठराव आला की ते काटेरी, विषारी कुंपण उपटून टाकावं. त्याच्या जागी काय लावायचं तेही ठरलं. मुलांच्या झोपाळ्याभोवती जी निळ्या-जांभळ्या फुलांची, नारिंगी मण्यांचे घोस लोंबणारी झुडपं आहेत ना, तीच. दिसायला सुंदर, शिवाय फारसे काटे नाहीत. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी एवढंच म्हटलं की मला आठ दिवस द्या. झाडाचं नाव तरी कळू दे, मग उपटा. निवृत्त बाईंचा मान म्हणून असेल, पण आठ दिवस मिळाले.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी आणि भूगोल शिकवला. वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध पाचवी-सहावीच्या सामान्य विज्ञानापुरता. पण माझं लहानपण महाडजवळच्या खेड्यात गेलं आणि तिथे एप्रिल-मे महिन्यात आमचं अर्धं आयुष्य करवंदीच्या जाळीत जायचं. हातापायांवर ओरखडे, फ्रॉकवर जांभळे डाग आणि बोटांना चिकटलेला चीक. तो चीक पाण्याने जात नाही, खोबरेल तेल चोळावं लागतं, हे आम्हांला कोणी शिकवलं नव्हतं. करवंद फोडून 'कोंबडा की कोंबडी' खेळायचं. आतून लाल निघालं तर कोंबडा, फिकं निघालं तर कोंबडी. पुढे पुण्यात आल्यावर द्रोणात करवंदं विकणाऱ्या बायकांची 'डोंगरची काळी मैना' अशी आरोळी ऐकली, की मला आमची जाळी आठवायची. त्यामुळे कुंपणाच्या त्या पांढऱ्या फुलांकडे बघताना ही करवंदाच्या नात्यातली कोणीतरी असावी, असं मला वाटत असे. पण 'वाटणं' निराळं आणि 'ठरवणं' निराळं. खायची गोष्ट असेल तर वाटण्यावर भागत नाही.

म्हणून वही घेऊन बसले. शाळेत मुलांना तुलना शिकवताना फळ्यावर दोन रकाने आखायची सवय होती. तसेच आखले. एका बाजूला आमच्या गावची करवंद, दुसऱ्या बाजूला हे कुंपण.

आधी काटा. करवंदीचा काटा बहुधा सरळ, सुईसारखा. क्वचित टोकाशी दुभंगलेला. ह्याचा काटा मात्र जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दुभंगलेला, बेचकीसारखा, जाड आणि हिरवा. मग पान. दोन्हींची पानं फांदीवर समोरासमोर, जाडसर, तुकतुकीत. ह्याच्या पानाच्या टोकाला एक बारीकशी टोचणी असते. पान तोडलं की दोन्हींना पांढरा चीक. मग फूल. दोन्हींना पाच पाकळ्या, भिंगरीसारख्या एकाच दिशेला वळलेल्या, आणि खाली बारीक नळी. करवंदीचं फूल लहान आणि झुबक्यात. ह्याचं फूल चांगलं रुपयाच्या नाण्याहून मोठं आणि वास थेट जाईजुईच्या वळणाचा. शेवटी फळ. करवंद वाटाण्यापासून बोराएवढं, पिकल्यावर काळं. हे फळ लिंबाएवढं, पण लांबट आणि टोकाला निमुळतं. पिकल्यावर गडद लाल. सुरीने मधोमध कापलं. आत लालच गर, त्यात दुधाचे बारीक पांढरे ठिपके आणि मध्यभागी दहा-बारा चपट्या, पातळ, तपकिरी बिया.

ह्या बियांपाशी मी जरा थांबले. कारण ग्रुपवर ज्या गृहस्थांनी कण्हेरीचं नाव घेतलं होतं, त्यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. करवंद आणि कण्हेर ही खरोखरच एका कुळातली. चाफा, तगर, सदाफुली, सातवीण हीसुद्धा त्याच घरातली माणसं. ह्या कुळात चीक जवळजवळ सगळ्यांना असतो आणि विष पुष्कळांना असतं. पिवळ्या फुलांची कण्हेर, जिला आपण बिट्टी म्हणतो, तिची बी तर हृदयाचे ठोके बिघडवून माणसाचा जीव घेऊ शकते. त्या कठीण बियांनी आम्ही लहानपणी सागरगोट्यांसारखं खेळत असू. पण तोंडात घालायची नाही, ही ताकीद खेळाच्या आधी मिळालेली असायची. बिट्टीचं पान अरुंद, भाल्यासारखं. काटा मुळीच नाही. फूल पिवळं घंटेसारखं. फळ हिरवं आणि पुढे काळपट, आणि आत एकच मोठी टणक बी. आमच्या कुंपणाचं ह्यातल्या एकाही गोष्टीशी जुळत नव्हतं. तगरीचं फूल पांढरं, भिंगरीसारखं, म्हणून लांबून फसवणारं. पण तगरीला काटा नसतो.

म्हणजे करवंदाशी नातं पक्कं, कण्हेरीशी भाऊबंदकीपुरतं. तरी नाव कळलं नव्हतं. नातीने तिच्या मोबाइलवर फोटो काढून ओळखणाऱ्या ॲपला विचारलं. फुलाच्या फोटोला एक नाव आलं, पानाच्या फोटोला दुसरं. नात म्हणाली, "आजी, दोघांपैकी एक बरोबर असेल." मी म्हटलं, "बाळ, परीक्षेत असं चालतं. पोटात घालताना नाही चालत."

माझी एक जुनी विद्यार्थिनी आता महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते. तिला बोलावलं. ती आली, तिने काटा पाहिला, फूल पाहिलं, फळ कापून पाहिलं आणि माझी वही वाचून हसली. म्हणाली, "बाई, तुम्ही सगळं लिहिलंयत, फक्त मथळा राहिलाय." तिने वहीच्या वरच्या ओळीत लिहिलं, 'कॅरिसा मॅक्रोकार्पा'. मॅक्रोकार्पा म्हणजे मोठ्या फळाची. पूर्वी हिलाच 'ग्रँडिफ्लोरा', म्हणजे मोठ्या फुलाची, असंही म्हणत. आपली करवंद ती 'कॅरिसा कॅरँडस'. आणि हा 'कॅरँडस' शब्द करवंद, करौंदा ह्याच शब्दांच्या गोतावळ्यातला. म्हणजे सख्ख्या नाहीत तरी चुलत बहिणी म्हणायला हरकत नाही.

इंग्रजीत हिला 'नेटल प्लम' म्हणतात. हिचं माहेर दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर. तिथल्या वाळूच्या टेकड्यांवर, खारा वारा खात ही जाळी वाढते. झुलू लोक हिच्या फळाला 'अमातुंगुलू' म्हणतात आणि पिढ्यान् पिढ्या ते खात आले आहेत. नेटल हे नाव कसं पडलं ते भूगोलाच्या तासाला मी अनेकदा सांगितलं होतं. वास्को द गामाची जहाजं १४९७ च्या नाताळात त्या किनाऱ्याजवळून जात होती, म्हणून पोर्तुगीजांनी त्याला नाताळचंच नाव दिलं. आपला मराठीतला 'नाताळ' हा शब्दही त्याच पोर्तुगीज शब्दातून आलेला. तेव्हा ह्या झाडाला 'नाताळची करवंद' म्हटलं तर ते भाषांतर न होता घरचंच नाव होईल. डरबन हे त्या किनाऱ्यावरचं मोठं बंदर. गांधीजी १८९३ मध्ये तिथेच उतरले. तिथल्याच वनस्पती उद्यानातून डेव्हिड फेअरचाइल्ड ह्या अमेरिकन वनस्पतिसंग्राहकाने १९०३ मध्ये ह्या झाडाचं पुष्कळसं बियाणं अमेरिकेला नेलं. फ्लॉरिडात आज हिची कुंपणं असतात आणि तिथे काही घरांतून हिच्या फळांची जेली होते. फळात क जीवनसत्त्व चांगलं असतं. असं हे खातंपितं, देशोदेशी नांदलेलं झाड आमच्याकडे मात्र 'ते काटेरी कुंपण' म्हणून उभं होतं.

ह्या आठ दिवसांत आणखी एक गोष्ट कळली आणि ती मला सर्वांत जास्त लागली. आमचे माळीदादा माण तालुक्यातले. गेली सहा-सात वर्षं ते ह्या कुंपणाची छाटणी करतात. त्यांना सहज विचारलं, "दादा, हे फळ खातात का हो?" ते म्हणाले, "आमी खातो की, बाई. चांगलं लालभडक झालं, हाताला मऊ लागलं, की. हिरवं न्हाई तोंडाला लावायचं, नुसता चीक असतुया."

"मग त्या दिवशी एवढा गोंधळ झाला तेव्हा बोलला का नाहीत?"

"कुनी इचारलंच न्हाई."

चाळीस बिऱ्हाडांच्या ग्रुपवर माळीदादा नव्हते. दवाखान्यात बसलेल्या त्या आईला जो धीर हवा होता, तो तिच्याच खिडकीबाहेर कात्री घेऊन उभा होता. अर्थात माळीदादांनी खाल्लं एवढ्यावर मी मुलांना फळ दिलं नसतं. अनुभवी माणसाचं ऐकायचं आणि शिवाय पडताळून बघायचं, दोन्ही करायचं असतं. पण आधी विचारायला तर हवं!

माळीदादांनी दुसरीही एक गोष्ट सांगितली, जी कुठल्याही पुस्तकात मिळाली नसती. मावा पडला म्हणून पंधरा दिवसांपूर्वीच त्यांनी सगळ्या कुंपणांवर कीटकनाशक फवारलं होतं. इथे रानातली जाळी आणि शोभेचं कुंपण ह्यांच्यातला खरा फरक आहे. डोंगरावरच्या करवंदीवर कोणी औषध मारत नाही. शोभेच्या झाडाचं फळ कोणी खाणार आहे असं फवारणाऱ्याच्या ध्यानीमनी नसतं, त्यामुळे तो भाजीवर मारणार नाही असलंही काही त्यावर बिनदिक्कत मारतो. झाड खाण्यासारखं आहे म्हणजे त्यावरचं आजचं फळही खाण्यासारखं आहे, असं होत नाही. तो हंगाम आम्ही सोडून दिला आणि पूर्वेच्या भिंतीवर फवारणी बंद केली.

आता त्या नारिंगी मण्यांविषयी.

विद्यार्थिनी जायला निघाली तेव्हा तिला झोपाळ्यापाशी नेलं. कुंपणाच्या जागी जे लावायचं ठरलं होतं, ते झुडूप दाखवलं. ती म्हणाली, "बाई, हा तर डुरांटा. फळं विषारी असतात ह्याची." मी बघतच राहिले. जे झुडूप खाण्याजोगं, त्याला आम्ही फाशीची शिक्षा सुनावली होती. आणि जे खरोखर विषारी, ते आम्ही आमच्या हाताने मुलांच्या झोपाळ्याभोवती लावलेलं होतं, वर आणखी साठ फूट लावायला निघालो होतो. का, तर त्याला काटे फारसे नाहीत, चीक नाही, आणि मणी किती गोजिरवाणे!

माणसाची भीती ही अशी असते. ती खुणा बघते, पण चुकीच्या खुणा बघते. ह्या निमित्ताने लोकांकडून जे नियम माझ्या कानावर आले ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहून काढले.

पहिला नियम, चीक म्हणजे विष. मग फणस, चिकू, अंजीर, उंबर ह्यांचं काय करायचं? सगळे चिकाळ आणि सगळे आपल्या पोटात जातात. उलट डुरांट्याला दुधासारखा चीक नाही आणि तो विषारी.

दुसरा नियम, पाखरं खातात ते माणसाला चालतं. डुरांट्याचे मणी बुलबुल आवडीने खातात. पाखराचं पोट वेगळं, आपलं वेगळं.

तिसरा नियम, गोड ते चांगलं आणि कडू ते विष. गुंजेचा पाला इतका गोड की विड्यात घालतात. त्याच वेलीची ती लाल-काळी बी अतिशय विषारी. कारलं कडू आणि आपण ते कौतुकाने खातो.

चौथा नियम सगळ्यांत सोपा आणि म्हणून सगळ्यांना पटणारा, कशालाच हात लावायचा नाही. हा नियम दोन-तीन वर्षांच्या मुलाला बरोबर आहे, त्याला दुसरं काही समजणारही नाही. पण हाच नियम आपण दहा वर्षांच्या, वीस वर्षांच्या, चाळीस वर्षांच्या माणसालाही लावतो, आणि मग कोणाला काहीच ओळखता येत नाही. मग एक दिवस डॉक्टर झाडाचं नाव विचारतात आणि आपल्याजवळ उत्तर नसतं.

खरं तर एका खुणेवर कधीच काही ठरत नाही. काटा, पान, चीक, फूल, फळ, बी ह्या सगळ्यांनी एकाच नावाकडे बोट दाखवलं पाहिजे. त्यातलं एक जरी दुसरीकडे बोट दाखवत असेल तर फळ हातातच ठेवायचं. आणि एवढं जुळल्यावरही जाणकाराच्या नजरेखालून एकदा घालायचं. नाव कळलं तरी दोन प्रश्न उरतात, कोणता भाग आणि कधी. आमच्या नाताळच्या करवंदीचं फक्त पिकलेलं फळ खायचं. पान, फांदी, कच्चं फळ नाही. फळ सर्वांगाने गडद लाल हवं, दाबल्यावर किंचित दबायला हवं आणि नुसतं धरून हलकेच फिरवलं तर देठापासून सुटायला हवं. ओढावं लागलं तर ते तुमचं नाही, अजून झाडाचं आहे.

पुढच्या बैठकीला मी वही, एक फांदी आणि डुरांट्याचा एक घोस घेऊन गेले. वादावादी झाली नाही असं नाही. एक जण म्हणाले, "काकू, कशाला नसती जोखीम? दोन्ही उपटून टाकू आणि सिमेंटच्या कुंड्या ठेवू." त्यांना मी म्हटलं, "मुलं ह्या फाटकाबाहेर जाणारच आहेत. बाहेरची सगळी झाडं कोण उपटणार?" शेवटी असं ठरलं की झोपाळ्याजवळचा डुरांटा काढायचा, तिथे जास्वंद लावायची, पूर्वेचं कुंपण ठेवायचं, आणि प्रत्येक झाडापाशी मराठीत पाटी लावायची. नाव, आणि त्याखाली 'खाण्याजोगं', 'खाऊ नये' किंवा 'विषारी' एवढंच. पाट्या वाचता येत नाहीत अशा लहानांसाठी विषारी झाडाच्या पाटीला लाल रंग. तळमजल्यावरच्या त्या आईनेच ह्या पाट्या रंगवल्या. तिच्या मुलीला ती अजून ते फळ खाऊ देत नाही. मीही आग्रह केलेला नाही. त्या दिवशी चार तास दवाखान्यात ती बसली होती, मी नव्हते.

आणखी एक गोष्ट त्या डॉक्टरांनीच नंतर सांगितली, ती इथे लिहून ठेवते. मुलाने अनोळखी फळ खाल्लं तर घरच्या घरी उलटी काढायच्या भानगडीत पडू नये. उरलेलं फळ आणि पानाफुलांसकट एक फांदी बरोबर घेऊन लगेच डॉक्टरांकडे जावं. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, तिथून डॉक्टरांना चोवीस तास सल्ला मिळतो. पण त्यांनासुद्धा आधी सांगावं लागतंच, काय खाल्लं ते.

ह्या वर्षी मे महिन्याच्या सुट्टीत, फवारणी थांबून बरेच महिने उलटल्यावर, मी पाचवी ते आठवीतली सहा मुलं घेऊन पहिल्यांदा तोडणी केली. त्यांच्या पालकांना आधी विचारलं होतं. प्रत्येकाने तोडायच्या आधी काटा, पान, फूल दाखवून नाव सांगायचं, मगच फळाला हात. पहिल्या दिवशी एकेकाने एकच फोड खाल्ली. चव म्हणाल तर करवंद आणि आलुबुखार ह्यांच्या मधली, गराला किंचित आंबटपणा आणि मागाहून चिकाचा हलकासा तुरटपणा. मुलांना मी कोंबडा-कोंबडीचा खेळ शिकवला, पण तो इथे रंगेना. ही करवंदं आतून सगळीच लाल, म्हणजे सगळे कोंबडेच! शेवटी मुलांनी 'बिया किती' असा खेळ काढला. ज्याच्या फळात जास्त बिया तो राजा.

राहिलेल्या किलोभर फळांचा मी साखर आणि थोडं आलं घालून मुरांबा केला. शिजताना चीक सुटतो आणि पातेल्याच्या कडेला पांढरा, चिवट थर बसतो. घासणीला तो दाद देत नाही. पातेल्याला आतून गोडेतेल चोळलं आणि मग धुतलं, तेव्हा निघाला. महाडचं ज्ञान साठ वर्षांनी आफ्रिकेच्या फळाला उपयोगी पडलं. एक बाटली माळीदादांच्या घरी गेली, एक त्या डॉक्टरांकडे.

मुलांनी आता सोसायटीतल्या सगळ्या झाडांची यादी करायला घेतली आहे. आजवर चौतीस नावं झाली. बत्तीस झाडांची ओळख पटली आणि त्यांच्या पाट्या लागल्या. दोन झाडांपुढे अजून प्रश्नचिन्ह आहे. त्यांतल्या एकाला सध्या बारीक जांभळी फळं लागली आहेत, दिसायला फार सुरेख. ती कोणी खायची नाहीत, असं मुलांनीच ठरवलं आहे. पुढच्या महिन्यात त्याला फूल येईल असं माळीदादा म्हणतात. मग बघू.